दहा डॉलरचे कासव

उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकिनाऱ्यावर जायचे आणि परतताना तिथल्या एखाद्या टपरीवजा दुकानातून मुलांसाठी दहा डॉलरचे कासव घेऊन यायचे, ही आपल्या मंडळींत एक निरुपद्रवी हौस समजली जाते. पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, तिच्यात प्लॅस्टिकचेच नारळाचे झाड, तळाला रंगीत खडे आणि त्यांवर जेमतेम इंचभर लांबीचे हिरवेगार पिल्लू. कुत्र्यासारखे बर्फात फिरवायला न्यायला नको, मांजरासारखे सोफ्यावर केस नकोत, भारतवारीच्या वेळी शेजाऱ्याकडे डबी ठेवली की झाले. शिवाय तिकडून आजी फोनवर सांगतात, "कासव घरात शुभ असतं गं."

या हौसेवर माझा आक्षेप आहे आणि तो आडपडदा न ठेवता मांडते. टपरीवरून, मेळ्यातून किंवा इंटरनेटवरून कासवाचे पिल्लू विकत घेऊ नका. कासव पाळायचेच असेल तर कोणीतरी टाकून दिलेले, वाढलेले कासव रीतसर दत्तक घ्या. तेवढी तयारी नसेल तर कासव पाळूच नका. आपण इथे समतेवर, विवेकावर आणि पर्यावरणावर तावातावाने चर्चा करतो, कॉफी घेतानाही ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याला नीट दाम मिळाला की नाही ते पाहतो. मग एक जिवंत प्राणी घेताना तो आला कुठून, हा प्रश्न आपल्याला का पडत नाही?

मी कासवांची तज्ज्ञ नाही, माझे काम सूक्ष्मजीवांवर आहे. त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

चार इंचांचा कायदा

अमेरिकेत पाठीच्या कवचाची लांबी चार इंचांपेक्षा कमी असलेले कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे. हा नियम एफडीएचा, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या खात्याचा आहे, आणि त्याचे कारण साल्मोनेला हा जंतू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या देशात दरवर्षी अंदाजे २,८०,००० माणसांना कासवांपासून साल्मोनेलाची बाधा होत होती. साल्मोनेलाच्या एकूण रुग्णांपैकी हे सुमारे १४ टक्के होते आणि त्यांत मुलेच फार. चार इंचांचीच मर्यादा का, तर त्याहून लहान कासव पोर सहज मुठीत धरते, त्याचा पापा घेते, तोंडात घालते. बंदीनंतर लहान मुलांमधली वर्षाला सुमारे एक लाख आजारपणे टळली, असा अंदाज पुढे मांडला गेला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतक्या साध्या नियमाने इतका फायदा क्वचितच झाला असेल.

तरीही पिल्ले विकली जातात. बोर्डवॉकवर, जुन्या बाजारात, मोठ्या शहरांच्या चायनाटाउनमध्ये फुटपाथवर. पकडले गेल्यास हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण फिरत्या विक्रेत्याला पकडणार कोण? काही ठिकाणी तर "कासव फुकट, फक्त डबीचे पैसे द्या" अशी पळवाट काढतात. नियमात विक्रीबरोबरच इतर व्यापारी वाटपालाही मनाई आहे, त्यामुळे ही पळवाटही खोटीच. 'शैक्षणिक हेतूसाठी' अशी चिठ्ठी लावून विकण्याची युक्तीही जुनीच आहे. ती सूट शाळा-संग्रहालयांसाठी आहे, तुमच्या चिंटूच्या वाढदिवसासाठी नाही.

२००७ साली फ्लोरिडात काही आठवड्यांचे एक बाळ साल्मोनेलाच्या संसर्गाने दगावले. घरात भेट म्हणून आलेले छोटे कासव होते. बाळाच्या आणि कासवाच्या नमुन्यांतले जंतू जनुकीय तपासणीत एकसारखे निघाले. बाळाने कासवाला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, त्या वयात ते स्वतःची मानही धरत नाही. जंतू मोठ्यांच्या हातांतून, भांड्यांतून, सिंकमधून जातो. २०२३ आणि २०२४ मध्येही सीडीसीला छोट्या कासवांमुळे अनेक राज्यांत पसरलेल्या साथींबद्दल इशारे द्यावे लागले.

एक गैरसमज इथेच खोडून काढते. "आमचे कासव निरोगी आहे, दुकानदाराने तपासून दिले आहे," असे काहीजण सांगतात. साल्मोनेला कासवाच्या आतड्यात सुखाने नांदतो, कासव मुळीच आजारी दिसत नाही. जंतू विष्ठेतून रोज बाहेर पडतो असेही नाही, त्यामुळे आज चाचणी नकारात्मक आली म्हणून कासव स्वच्छ ठरत नाही. औषध देऊन तो काढून टाकू म्हणाल, तर तोही प्रयोग होऊन गेला आहे. लुईझियानातल्या कासवशेतीत अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आणली गेली. पुढे तिथून कॅनडात गेलेली कासवे तपासली, तेव्हा त्यांच्यात जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेला सापडले. त्याबद्दलचा शोधनिबंध १९९० सालचा आहे. जंतू गेला नाही, फक्त अधिक चिवट झाला.

आता आपल्या घरांचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पाच वर्षांखालची मुले, पासष्टच्या वरची माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणीही, अशा घरांत कासव नको, असे सीडीसी सांगते. आपल्याकडे बाळंतपणासाठी आईबाबा सहा महिने येतात. म्हणजे एकाच छपराखाली तान्हे बाळ, तीन वर्षांचे भावंड, मधुमेह असलेले आजोबा आणि कासवाची डबी! ती डबी धुतली जाते कुठे? ज्या सिंकमध्ये मेथी निवडून धुतो, तिथेच.

पिल्लू येते कुठून आणि जाते कुठे

हे हिरवे पिल्लू बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर जातीचे असते. डोळ्यांमागे लाल पट्टा असतो, म्हणून हे नाव. मूळ घर मिसिसिपी नदीचे खोरे. लुईझियाना आणि आसपासच्या राज्यांत तळी खणून त्यांची शेती होते आणि तिथून पिल्ले देशोदेशी लाखोंनी जातात. "शेतातलीच आहेत, जंगलातून थोडीच पकडली?" हा युक्तिवाद त्यामुळेच पुढे येतो. तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा पिल्लू घरी आल्यावर सुरू होतो.

डबीतले इंचभराचे पिल्लू कायम इंचभर राहत नाही. मादी दहा-बारा इंचांची होते. कासवाच्या दर इंचाला दहा गॅलन पाणी, असा साधा हिशेब पाळणारे करतात, म्हणजे मोठ्या मादीला शंभर गॅलनच्या वर टाकी हवी. पाणी गाळणारा दणकट फिल्टर हवा, कारण कासव खाते त्याच पाण्यात आणि घाण करते त्याच पाण्यात. अंग कोरडे करून ऊन खाण्यासाठी जागा हवी, तिच्यावर उष्णतेचा दिवा हवा आणि शिवाय यूव्हीबी किरण देणारा वेगळा दिवा हवा. हे किरण नसतील तर शरीरात डी जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम हाडांत उतरत नाही, आणि कवच मऊ पडून वेडेवाकडे होते. खिडकीतले ऊन चालत नाही, कारण काच ते किरण अडवते. दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी किरण कमी होत जातात, म्हणून तो सहा महिने ते वर्षभराने बदलावा लागतो. थोडक्यात काय, कासव दहा डॉलरचे आणि त्याचा संसार काहीशे डॉलरचा.

वर आहाराचा मुद्दा. स्लायडरची पिल्ले मुख्यतः मांसाहारी असतात, वनस्पती ती वय वाढेल तशी अधिक खातात. आपल्या कित्येक घरांत मात्र त्यांना लेट्यूस आणि वरणभाताची शिते मिळतात. घर शाकाहारी असणे हा तुमचा हक्क आहे, पण तो नियम कासवाच्या शरीराला लागू होत नाही. गांडुळे आणि मासे घरात आणायला मन धजत नसेल, तर हा प्राणी तुमच्यासाठी नाही.

परिणाम काय होतो, ते उघड आहे. बरीच पिल्ले सुरुवातीच्या काळातच मरतात. मूल दोन दिवस रडते, आईवडील दुसरी डबी आणतात. जी जगतात ती वाढतात, पाणी वास मारू लागते, आणि एका शनिवारी बाबा कासवाला जवळच्या तळ्यात "मोकळे" करून येतात. काहीजण याला जीवदान समजतात, पुण्याच्या खात्यात मांडतात.

हे जीवदान नव्हे. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूसीएनने, जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींची यादी केली आहे, तिच्यात हे स्लायडर आहे. कॅलिफोर्नियात ते तिथल्या मूळच्या पाँड टर्टलची ऊन खाण्याची जागा आणि अन्न बळकावते. केरळात त्रिशूरजवळच्या एका कालव्यात ते २०१८ साली सापडले, २०२० साली गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात सापडले. मिसिसिपीचे कासव कामाख्येच्या गावात स्वतःहून पोहत गेलेले नाही. कोणीतरी ते हौसेने घेतले आणि कंटाळून सोडले.

कायदे होतात, पण व्यापार त्यांच्या एक पाऊल पुढे असतो. युरोपीय संघाने १९९७ मध्ये रेड-इअर्ड स्लायडरची आयात बंद केली. लगेच पिवळ्या पोटाचे स्लायडर आणि इतर भाऊबंद दुकानांत आले. शेवटी २०१६ मध्ये ही सगळी प्रजातीच उपद्रवी प्रजातींच्या यादीत घालावी लागली. जपानने २०२३ च्या जूनपासून स्लायडर विकायला आणि पाण्यात सोडायला बंदी केली, घरात असलेली मात्र सांभाळायला मुभा ठेवली. मला हा दृष्टिकोन शहाणपणाचा वाटतो. आहे ते नीट सांभाळा, नवे मागू नका.

आपले स्टार कासव आणि आपले शुभ-अशुभ

काहीजण म्हणतील, आम्ही असले टपरीवरचे कासव घेत नाही, आम्हाला आपल्याकडचे स्टार कासव हवे आहे. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले हे देखणे जमिनीवरचे कासव भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत आढळते. त्याचे देखणेपणच त्याच्या मुळावर आले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात घातले. २०१९ साली जिनिव्हात झालेल्या साइट्स परिषदेत भारत आणि इतर देशांच्या प्रस्तावावरून त्याला पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले, म्हणजे रानातून पकडलेल्या स्टार कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद.

आणि प्रत्यक्षात? आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या फक्त एका केंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० स्टार कासवे पकडली जातात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदले आहे. मोज्यांत कोंबून, चिकटपट्टीने पाय बांधून, सुटकेसमध्ये एकावर एक रचून ती विमानाने आग्नेय आशियात जातात. त्यांतली थोडी पकडली जातात, त्याहून थोडी परत येतात. २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापूरहून ५१ स्टार कासवे बंगळूरला परत आणली, तर ती मोठी बातमी झाली. पंचावन्न हजार जातात आणि एकावन्न परत येतात, यातच सारे आले.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधल्या पक्षी-प्राण्यांच्या गाळ्यांवर वन्यजीव कायद्याखाली धाडी पडल्याच्या बातम्या येत राहतात. या मंडईचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. मुक्या जिवांचा चोरटा बाजार त्या नावाच्या छपराखाली चालावा, याचे आपल्याला काही वाटायला हवे.

हा बाजार नुसत्या हौसेवर चालत नाही, अंधश्रद्धेवरही चालतो. उत्तर दिशेला पाण्यात कासव ठेवले की पैसा टिकतो, हे वास्तु आणि फेंगशुईवाल्यांचे लाडके सूत्र आहे. त्याहून भयंकर म्हणजे वीस-एकवीस नखांचे कासव मिळाले की पैशांचा पाऊस पडतो, ही भोंदूंनी पसरवलेली थाप. स्टार कासवाची नखे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे एकूण अठरा. विसावे नख शोधत माणसे किती कासवे पकडत असतील, याची कल्पना करा. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो येण्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी इथून सह्या पाठवल्या. त्याच आपल्या दिवाणखान्यात उत्तरेच्या कोपऱ्यात जिवंत कासव असेल, तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय!

आणि परंपराच हवी असेल, तर ती आपल्या देवळांत आहे. सभामंडपाच्या फरशीत कोरलेले दगडी कासव शेकडो वर्षे जागचे हललेले नाही. त्याला टाकी लागत नाही आणि ते कोणाला साल्मोनेलाही देत नाही.

तीन आक्षेप

"मुलांना जबाबदारी शिकवायची आहे." शिकवाच. पण नीट सांभाळलेले स्लायडर तीस वर्षांहून अधिक जगते. आठ वर्षांच्या मुलाला आज दिलेले कासव तो कॉलेजला जाईल तेव्हा दहा वर्षांचे असेल. वसतिगृहात शंभर गॅलनची टाकी नेता येत नाही. जबाबदारी मुलाची नसून तुमची आहे, आणि ती तुमच्या निवृत्तीपर्यंत पोचते. मूल यातून एकच शिकते, की बाबा कंटाळले की जीव तळ्यात टाकतात.

"दुकानात बिचारे हाल काढत होते, म्हणून सोडवून आणले." दयेपोटी केलेली खरेदी ही बाजाराच्या दृष्टीने खरेदीच असते. विक्रेत्याच्या वहीत 'दया' नावाचा रकाना नसतो. तुम्ही एक उचलले की त्या जागी दुसरे मागवले जाते. हाल खरोखर दिसत असतील तर राज्याच्या वन्यजीव खात्याला किंवा स्थानिक प्राणी नियंत्रण खात्याला कळवा, चार इंचांखालची पिल्ले असतील तर एफडीएला कळवा. दहा डॉलर देण्यापेक्षा ते दहा मिनिटांचे काम अधिक दयेचे आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातल्या अधिक कडव्या मित्रांचा: "मुळात कुठलाही वन्यजीव घरात ठेवणेच अनैतिक. मग दत्तक घेण्याचा पुरस्कार कशाला?" तत्त्व म्हणून मला ते पटते. पण टाकून दिलेली हजारो कासवे आज आहेत. रानात सोडता येत नाहीत, आणि आश्रयकेंद्रांत जागा नाही. ती हवेत तरंगत राहणार नाहीत, कुणाच्या तरी घरातच राहणार. दत्तक घेतल्याने नव्या पिल्लाची मागणी तयार होत नाही, एका टाकीची सोय होते. विकत घेणे आणि दत्तक घेणे यांत फरक आहे तो इथे.

कासवांच्या बाबतीत हा फरक अधिक महत्त्वाचा, कारण ती फार सावकाश वाढतात. मिशिगनमधल्या ब्लँडिंग्ज कासवांचा अनेक दशके अभ्यास झाला आहे. तिथे मादीला अंडी घालण्याच्या वयात यायला १४ ते २० वर्षे लागतात. अंडी आणि पिल्ले बहुतेक खाल्ली जातात, सारा हिशेब दीर्घायुषी मोठ्या माद्यांवर चालतो. अशा समूहातून वर्षाला दोन-चार मोठी कासवे कोणी उचलून नेली, तरी तो हळूहळू संपतो. म्हणून रस्त्याकडेला दिसलेले बॉक्स टर्टल "गोड आहे" म्हणून घरी आणणे हे टपरीवरच्या खरेदीपेक्षाही वाईट. जूनमध्ये अंडी घालायला निघालेली कासवे रस्ता ओलांडताना दिसतात. तुमची सुरक्षितता पाहून ती ज्या दिशेला चालली आहेत त्याच दिशेला पलीकडे ठेवा, आणि पुढे जा.

मग घ्यायचे कुठून?

पहिली पायरी दत्तक. न्यूयॉर्क टर्टल अँड टॉर्टस सोसायटी, बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागातली मिड-अटलांटिक टर्टल अँड टॉर्टस सोसायटी, कॅलिफोर्निया टर्टल अँड टॉर्टस क्लब अशा जुन्या संस्था आहेत. ॲरिझोनात तर राज्याचे वन्यजीव खातेच वाळवंटी कासवे दत्तक देते. आपल्या भागातली सरपटणाऱ्या प्राण्यांची सोसायटी आणि प्राणी-आश्रयकेंद्र यांनाही विचारा. चांगली संस्था तुम्हाला उलट प्रश्न विचारते: टाकी केवढी, दिवा कोणता, घरात लहान मूल आहे का, भारतात गेलात तर कोण सांभाळेल? असे प्रश्न विचारले म्हणून रागावू नका. प्रश्न न विचारता जो कासव हातात ठेवतो, त्याच्यापासून सावध राहा.

विशिष्ट जातच हवी असेल आणि ती दत्तक मिळत नसेल, तर दुसरी पायरी म्हणजे स्वतः पैदास करणारा, ज्याच्या घरी जाऊन आईबाप कासवे पाहता येतात असा माणूस. त्याला विचारा: अंडे कधी फुटले? आजवर खायला काय दिले? पशुवैद्य कोण? मला जमले नाही तर परत घ्याल का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" आले तर उठा. नुसत्या "पाळीव पैदास" या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका. दुकानांत रशियन टॉर्टस म्हणून मिळणारी जमिनीवरची कासवे मध्य आशियातल्या रानांतून हजारोंनी पकडून आणली गेली आहेत. वाढलेले कासव स्वस्तात विकायला असेल आणि त्याचा जन्म कोणाला सांगता येत नसेल, तर ते रानातले समजा. ब्रिटनमधल्या वाचकांना एवढेच सांगते, की भूमध्य प्रदेशातली टॉर्टस विकताना तिथे आर्टिकल टेन नावाचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर व्यवहार करू नका.

आपल्या राज्याचा नियमही आधी पाहा. स्थानिक जातीचे कासव पाळायला अनेक राज्यांत मनाई आहे किंवा परवाना लागतो.

कासव पाहायला गेलात की ही लक्षणे तपासा. डोळे उघडे आणि स्वच्छ हवेत, सुजलेले पापणे बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता दाखवतात. नाकातोंडातून फेस किंवा बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर श्वसनाचा रोग आहे. पाण्यात एका बाजूला कलून पोहणारे कासव न्यूमोनियाचे असू शकते. कवच टणक हवे. मऊ, खड्डे पडलेले, वास मारणारे नको. हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे आणि पाय जोराने आत ओढले पाहिजेत. लोंबत्या पायांचे "शांत" कासव शांत नसते, आजारी असते. आणि कासव घरी आणण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे सगळे डॉक्टर कासव पाहत नाहीत.

घरी आणल्यावरचे नियम तीनच. कासवाचे काही म्हणून स्वयंपाकघरात येणार नाही. हात लावला की साबणाने हात धुवायचे. पाच वर्षांखालचे मूल हात लावणार नाही. हे तीन पाळणे जमणार नसेल, तर वरची सगळी यादी विसरा.

कासव न पाळता

बहुसंख्य घरांसाठी माझे उत्तर "पाळू नका" हेच आहे. मुलांना कासव दाखवायचे असेल तर जवळच्या तळ्याकाठी दुर्बीण घेऊन बसा. ओंडक्यावर ओळीने ऊन खाणारी पेंटेड टर्टल्स पाहायला पैसे पडत नाहीत. भारतात जाल तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने गावकरी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखतात. एके काळी जी अंडी खाण्यासाठी उकरली जात, ती आता कुंपणात जपली जातात. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो आणि पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून गावाला चार पैसे मिळतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले वाळूतून समुद्राकडे धावताना दिसतात. त्यांना हात लावायचा नाही, एवढी एकच अट आहे. कासवावर प्रेम म्हणजे काय, हे मुलांना त्या अटीतून अधिक कळेल.

तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. आपल्या मंडळाच्या आनंदमेळ्यात आणि वाढदिवसांत जिवंत प्राणी बक्षीस किंवा भेट म्हणून द्यायचा नाही, असा साधा ठराव करता येईल. ज्यांच्या घरी आधीच कासव आहे त्यांनी ते तळ्यात सोडू नये. सांभाळणे अशक्य झाले तर वर दिलेल्या संस्थांना फोन करावा, आणि नव्याने घेऊ इच्छिणाऱ्या मित्राशी त्यांची गाठ घालून द्यावी. पुढच्या उन्हाळ्यात टपरीवरची ती डबी दिसली आणि मुलाने हात ओढला, तर त्याला "महाग आहे" असे खोटे सांगू नका. ते स्वस्तच आहे. त्याला सांगा, की हे पिल्लू विकायला नको होते, म्हणून आपण ते विकत घेत नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे समजते.